शेवटचा अर्धा फेरा

आत्या,

तुझ्या नव्या स्क्रूचा पूर्ण अर्ज या महिनाअखेरीस पेटंट ऑफिसात जायला हवा, आणि त्यातला एक परिच्छेद मी अजून लिहिलेला नाही. बाकी सगळं तयार आहे. आकृत्या झाल्या, त्यांच्यावरचे क्रमांक झाले. स्क्रूचं डोकं, मान, आटे, आतून जाणारी बारीक सळई, शेवटच्या फेऱ्यात फुलणारं टोक, सगळ्याची वर्णनं झाली. तो शेवटचा फेरा कुठे थांबवायचा, तेवढं राहिलं आहे. तू असताना आपण त्यावरच भांडत होतो. तू गेल्यापासून मी रोज ती फाइल उघडते, त्या जागेपर्यंत येते आणि बंद करते.

तात्पुरता अर्ज भरला त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं होतं की वर्षाच्या आत पूर्ण अर्ज दिला नाही तर हा आपोआप बाद होतो. तू म्हणालीस, "वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. आणि तू आहेस ना मागे लागायला." मी लागलेही. आता मागे लागायला तू नाहीस.

हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की हात लगेच अर्जाच्या भाषेत जातो. तिथे तू नुसती संशोधक असतेस. तिला राष्ट्रीयत्व असतं, पत्ता असतो, पण डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग नसतो. माझं मराठी तुला कधीच पुरेसं वाटलं नाही. "इंग्रजी शाळेत घातली आणि पोरगी मुकी झाली," असं तू बाबांना ऐकवायचीस, मी समोर बसलेली असताना. खरं तर मी इंग्रजीतही फारशी बोलत नाही. तुला ते माहीत होतं, म्हणून तू दोघींच्या वाटचं बोलायचीस.

साठीला आलीस तरी घरी तू बेबीच होतीस. मकरपुऱ्याच्या तुझ्या शेडमध्ये, जिथे सगळे कामगार गुजराती, तू बेन होतीस. सकाळी निजामपुऱ्याहून तुझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि अलकापुरीला माझ्या ऑफिसपाशी उतरायचे, तोवर तू आत्या असायचीस. संध्याकाळी शेडवर आले की माझ्याही तोंडून बेनच निघायचं, कारण तिथे आत्या म्हटलं की मशीनवरची माणसं खाली बघून हसायची. तू पाठीच्या मणक्यात बसवायचे स्क्रू बनवायचीस. लग्नाकार्यात कोणी विचारलं आणि तू सांगितलंस की बायका बोटांत अंतर धरून म्हणायच्या, एवढा? तू म्हणायचीस, "त्याहून मोठा. आणि मज्जारज्जूच्या अगदी शेजारून जातो." मग त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागायच्या. माझं तुझ्याइतकं कोणाशी जमायचं नाही त्याचं एक कारण हेही असेल, की तुझ्याबरोबर असलं की लोक आपल्याला लवकर एकटं सोडायचे.

पण तुझं काम मला जे दिसलं ते आपल्या स्वयंपाकघरात. म्हाताऱ्या माणसांच्या हाडात स्क्रू नीट पकडत नाही, काही महिन्यांनी सैल होतो, आणि मग त्या माणसाला पुन्हा पालथं घालून पाठ उघडावी लागते. हे तुझ्या डोक्यात कायमचं बसलं होतं. चाचणीसाठी नकली हाडाचे फोमचे ठोकळे मिळतात, ते तू मागवायचीसच. पण ठोकळा सगळीकडे सारखा असतो, माणूस नसतो, म्हणून तू सुरण आणायचीस. मांडवीच्या बाजारातून, माती लागलेलं, दोन्ही हातांनी तोलून. घरी आणून चिंचेच्या पाण्यात ते अर्धं शिजवायचं. अर्धं म्हणजे किती, ते फक्त तुला ठाऊक.

"कच्चं म्हणजे इरा," माझ्याकडे बोट दाखवून तू आईला समजावायचीस. "पूर्ण शिजलं तर ते कामातून गेलं. हे मधलं आहे ना वहिनी, हे तुम्ही आणि मी."

"माझ्या हाडांना सुरण म्हणू नकोस. आणि तो स्क्रू धुतलास का?"

"दोनदा. साबणाने."

"मागच्या खेपेला शाकाला मशीनच्या तेलाचा वास येत होता."

"तो तुमच्या फोडणीचा."

मग तू सुरणावर स्क्रू टेकवून स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात द्यायचीस. नेहमी माझ्याच. मी म्हणायचे, किती फिरवू? तू म्हणायचीस, "किती काय विचारतेस, फिरव." पहिल्या काही वेळा मी पुढे गेले आणि सुरणाचा तुकडा कडकन दोन झाला. तू ते दोन्ही तुकडे हातात घेऊन आईला दाखवलेस. "वहिनी, बघा. हिने बाईंचा मणका फोडला." माझ्या हातांना सुरणाची खाज सुटायची, तुला कशी सुटत नसे देव जाणे. तू मला कोकम चोळायला लावायचीस आणि मी हात धुऊन आले की पुन्हा ड्रायव्हर.

बाहेर बाबा पेपर घेऊन टेबलाशी बसलेले असायचे. त्यांना मणक्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण प्रत्येक वेळी तिथूनच विचारायचे, "पकडलं का ग?"

"अजून नाही."

"मग जेवायला वाढा."

आणि ते सुरण आई तळायची, तिखटमीठ लावून. काही फोडींना मधोमध भोक असायचं. बाबा त्या फोडी ताटाच्या कडेला काढून ठेवायचे आणि शेवटी खायचे. का, ते कोणी त्यांना विचारलं नाही.

तुझ्या पहिल्या स्क्रूबद्दल मला लिहावं लागेल, कारण आपलं भांडण तिथून सुरू झालं. त्याचे आटे टोकाकडे विरळ होते आणि मानेपाशी दाट. मणक्याच्या आतलं हाड भुसभुशीत असतं आणि मागची अरुंद वाट टणक असते, दोन्हीकडे एकच आटा कसा चालेल, एवढं साधं तुझं म्हणणं. मी तेव्हा शाळेत होते. स्क्रू तयार झाल्यावर एका वितरकाने सर्जन लोकांना जेवायला बोलावलं होतं, त्या जेवणात तू पर्समधून स्क्रू काढून टेबलावर फिरवलेस. ज्यांना आवडले त्यांना देऊनही टाकलेस. वितरकाने फोटो काढला आणि आपल्या माहितीपुस्तिकेत छापला. तू मग आणखी वर्षभराहून जास्त त्या आट्यांत सुधारणा करत बसलीस आणि त्यानंतर अर्ज केलास.

पेटंटच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे, की अर्जाच्या आधी वस्तू जगाला दाखवायची नाही. जगाला दिसलेली वस्तू नवी राहत नाही, मग ती तुझीच का असेना. पण हे तुला सांगायला तेव्हा घरात कोणी नव्हतं. अर्ज पडून राहिला, वर्षं गेली, मी शिकून पेटंटच्याच कामात नोकरीला लागले, आणि मग परीक्षकाचा आक्षेप आला. तो तू मलाच उघडायला दिलास. सोबत पुरावा म्हणून त्या पुस्तिकेचं पान जोडलेलं होतं. पानावर एका बाईचा हात होता, अंगठा आणि दोन बोटांत स्क्रू धरलेला. अंगठ्यावर डाग होता.

तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणजे तुझाच हात, हे तुला कसं सांगायचं ते मला कळेना. तू माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "नखं तरी कापायला हवी होती."

तेव्हा मला तुझा राग आला होता. तुला तो कळला होता, कारण तू त्या दिवशी मला मांडवीला घेऊन गेलीस आणि न विचारता लस्सी पाजलीस. तो अर्ज फेटाळला गेला. तुझा आटा ज्याला हवा त्याने बनवला. आपण दोघी ते स्क्रू दुसऱ्यांच्या पुस्तिकांमध्ये बघायचो. मी पान पटकन उलटायचे, आणि तू मला थांबवून म्हणायचीस, "थांब, मानेपाशी त्यांनी किती घेतलेत बघू दे. बरे घेतलेत."

"हे चोरलंय त्यांनी."

"चोरलं कसं? मी जेवणात वाटलं होतं."

"वाटायला नको होतं."

"अग, समोर सहा सर्जन बसलेले. ज्याच्यासाठी केलं त्यालाच दाखवायचं नाही, हा कुठला कायदा?"

मी तुला सांगायचे की पेटंट म्हणजे लपवणं नव्हे. उलट सगळं लिहून द्यावं लागतं, त्या विषयातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला वाचून वस्तू बनवता येईल इतकं सगळं, आणि ते पुढे कोणीही वाचू शकतं. फक्त आधी लिहायचं, मग वाटायचं. तुला एवढं मान्य होतं. म्हणूनच नवा स्क्रू तू कोणाला दाखवला नाहीस. एका डॉक्टरने शेडवर येऊन "काय चाललंय नवीन, बेन?" असं विचारलं तेव्हा तू टेबलावरच्या स्क्रूवर रुमाल टाकलास आणि त्यांना चहा विचारलास. मी कोपऱ्यात उभी होते. ते गेल्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "झालं समाधान? चोरासारखं वाटलं मला."

पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा तू अडलीस.

"शेवटच्या फेऱ्याला किती जोर?" मी लॅपटॉप घेऊन बसलेली. "आकडा दे."

"आकडा नाही."

"आकडा नाही कसा? यंत्रावर मोजलंस ना?"

"मोजलं. प्रत्येक ठोकळ्याला वेगळा येतो. प्रत्येक सुरणाला वेगळा येतो. बाईगणिक वेगळा येणार. एक आकडा लिहिलास तर कोणाचं तरी हाड फुटेल आणि कोणाचा तरी सैल राहील."

"मग कसं कळतं कुठे थांबायचं?"

"बोटांना कळतं."

"बोटांना कळतं असं अर्जात लिहिता येत नाही, आत्या."

"मग तुमच्या अर्जाचं चुकतंय."

हे आपण किती वेळा बोललो असू. स्कूटरवर, सिग्नलला, तू मान मागे वळवून. आईने तर एकदा दोघींना वेगवेगळ्या खोलीत जेवा म्हणून सांगितलं. मी म्हणायचे, जे लिहिता येत नाही ते कायद्याने तुझं होत नाही. तू म्हणायचीस, जे लिहिता येतं तेवढंच माझं असेल तर माझं फार थोडं आहे. मला तेव्हा वाटलं होतं तू उगाच मोठं काहीतरी बोलते आहेस. तू तर सकाळी चहात साखर किती घातली हेही लक्षात ठेवायची नाहीस.

तुझी पाठ दुखायला लागली ती याच काळात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मणक्यांचा विचार करणारी तू, स्वतःच्या पाठदुखीचा दोष स्कूटरच्या शॉकअॅब्झॉर्बरला दिलास आणि ते बदलून घेतलेस. नवे घातल्यावरही दुखतच राहिलं तेव्हा तू गॅरेजवाल्याशी भांडून आलीस. मग एमआरआय झाला. गाठ दुसरीकडे होती आणि मणक्यात उतरली होती. डॉक्टर आम्हाला बाजूला बोलवायला लागले तर तू म्हणालीस, "फिल्म मला द्या, मला ह्यांच्यापेक्षा नीट वाचता येते." तू ती खिडकीशी धरलीस. तुझा चेहरा मी पाहिला. तू एखादा बिघडलेला जॉब गिऱ्हाइकाकडून परत आल्यावर बघायचीस तसं बघत होतीस, कुठे चुकलं ते शोधत. मग फिल्म पाकिटात घालून तू म्हणालीस, "एक मणका बसलाय. आधार द्यावा लागेल."

आधार म्हणजे काय ते आपल्या दोघींना माहीत होतं. नवा स्क्रू बसवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या चाचण्या व्हायच्या होत्या, परवानगी यायची होती. मी विचारलंही नाही. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू स्वतःच म्हणालीस, "आपला लागला असता ग मला. अगदी माझ्याच मापाचं हाड झालंय." आणि आई खोलीत आली म्हणून आपण दोघी गप्प झालो.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सर्जन राउंडला आले, तरुण, हसरे, गुजराती. त्यांनी मोबाइलवर तुझा एक्सरे दाखवला. "जुओ बेन, एकदम परफेक्ट." मी तुझ्या उशाशी होते, मलाही दिसला. तुझ्या मणक्यांत पांढरे शुभ्र चार स्क्रू. टोकाकडे विरळ आटे. मानेपाशी दाट.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू आधीच ओळखलं होतंस. स्क्रू दुसऱ्या शहरातल्या कुठल्याशा कंपनीचे होते, डॉक्टरांना त्यात विशेष काही वाटायचं कारण नव्हतं, ते नेहमीचे होते. मला त्यांना सांगायचं होतं. मी, जी रिक्षावाल्यालाही सुटे मागत नाही, मी तोंड उघडलं होतं. तू चादरीखालून माझं मनगट दाबलंस.

"पकडलेत ना चांगले?" तू त्यांना विचारलंस.

"फर्स्ट क्लास. तुमचं बोन जरा सॉफ्ट होतं, पण हे स्क्रू सॉफ्ट बोनमध्ये सरस चालतात."

"हां," तू म्हणालीस. "मानेपाशी दाट आहेत ना, म्हणून."

त्यांनी मोबाइल खाली घेतला. "तमे डॉक्टर छो?"

"ना रे. सुरणवाली."

ते हसून गेले. त्यांना तो औषधांचा परिणाम वाटला असावा. ते गेल्यावर तू माझं मनगट सोडलंस आणि म्हणालीस, "आता बोल. किती दिवस ओठांवर आलंय तुझ्या."

"तुझं नाव असायला हवं होतं त्याच्यावर."

"नाव काय करायचंय, पाठीत आहे ना."

"हे उत्तर नाही."

"पेटंट मिळालं असतं तर इतक्या जणांनी बनवला असता का? ह्या हॉस्पिटलच्या कपाटात असता का?"

"परवाना देता आला असता. अटी घालून. सगळ्यांना दिला असता आपण, आणि त्यांनी नीट बनवला असता, तुझ्या मापाने. मानेपाशी बरे घेतलेत, असं तुला परीक्षा घेत बसावं लागलं नसतं."

मला वाटतं त्या वादात पहिल्यांदाच मी एका दमात एवढं बोलले होते. तू म्हणालीस, "हं. हे तू आधी नव्हतं सांगितलंस." आणि तुझ्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो एखादा ठोकळा अपेक्षेपेक्षा जास्त जोर सहन करायचा तेव्हा यायचा. मग नर्स आली आणि तुला कुशीवर वळवायचं म्हणून मला बाहेर काढलं. मी बाहेर बाकड्यावर बसून पुढचं काय बोलायचं ते जुळवत राहिले. परत आत गेले तेव्हा तू झोपली होतीस. त्यानंतर बरेच दिवस तू होतीस, पण तो वाद आपण पुन्हा उघडला नाही. तुझ्यात तेवढा दम नव्हता आणि मला जिंकायचं नव्हतं.

मग तू गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी आणायला बाबांबरोबर मी गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या मुलींनी कशाला, बाबा म्हणाले, "तिला दुसरं कोण आहे." स्मशानातला माणूस वाकून हळूहळू वेचत होता. त्याने हातात काहीतरी घेतलं, फुंकर मारली आणि बाबांना विचारलं, "आ राखवानुं छे के काढी नाखुं?"

ठेवायचं की टाकून देऊ, असं तो विचारत होता; बाबांना वाटलं लाकडातले खिळे. ते म्हणाले, "काढी नाखो, भाई."

मी म्हटलं, "नाही." इतक्या मोठ्याने की दोघांनी वळून पाहिलं. मी हात पुढे केला. त्याने ते चार माझ्या तळहातावर ठेवले. अजून कोमट होते. काळे-निळे झाले होते, पण आटे शाबूत होते. मी अंगठ्याने चाचपले. टोकाकडे विरळ, मानेपाशी दाट. बाबांना सांगितलं हे काय आहे. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला.

बाबांचं म्हणणं पडलं की तिचं आहे, तिच्याबरोबरच जाऊ दे. म्हणून ते चांदोदला नेलेल्या कलशातच घातले. नर्मदेत नाव मध्यावर गेल्यावर विधी सांगणाऱ्या गोरमहाराजांनी कलश हातात घेतला, आत बघितलं आणि मान हलवली. मैयामध्ये लोखंड टाकत नाहीत, म्हणाले. हे लोखंड नाही महाराज, टायटॅनियम आहे, आणि ह्याला गंज लागत नाही, असं तू त्यांना सांगितलंच असतंस, आणि नाव किनाऱ्याला लागेपर्यंत दोन धातूंतला फरक समजावला असतास. मी नाही सांगितलं. मी चारही बाहेर काढून पुन्हा बाबांच्या रुमालात बांधले. बाकीची तू पाण्यात गेलीस. पाणी त्या दिवशी हिरवट आणि संथ होतं. बाबा हात धुवायचे थांबेचनात, गोरमहाराजांनी त्यांना दंडाला धरून वर बसवलं.

चांदोदहून आल्यापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत. पेपर वाचतात, जेवतात, आठ वाजता दार लावतात. तुझी स्कूटर ते दर रविवारी सुरू करून पाच मिनिटं तशीच उभी ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. वारस म्हणून अर्जावर त्यांची सही लागणार आहे. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झाला की सांग, करतो." झालेला नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

न लिहायला कारण काहीच नव्हतं, आत्या. मला माहीत होतं कुठे थांबायचं. तू मला इतक्या वेळा फिरवायला लावलं होतंस की माझी बोटं तुझ्यासारखीच थांबायला लागली होती. शेवटी शेवटी तर तू बघतही नसायचीस, पाठमोरी कणीक मळायला घ्यायचीस. पण तो परिच्छेद लिहिला की आपलं भांडण संपणार होतं, आणि तेही माझ्या शब्दांनी, तुला एक वाक्य बोलायची संधी न देता. फाइल बंद ठेवली की ते अजून चालू आहे असं वाटायचं. तू अजून स्कूटरवर मान वळवून काहीतरी म्हणणार आहेस. मग महिनाअखेर जवळ आली आणि लक्षात आलं, की असंच चाललं तर दुसऱ्यांदा तुझा स्क्रू हातातून जाईल. आणि या वेळी पुरावा म्हणून कोणाचा हात जोडायचीही गरज पडणार नाही.

परवा ऑफिसातून मी मांडवीला गेले. सुरणवाल्या बाईंनी ओळखलं. "बेन नथी आव्यां?" मी मान हलवली. त्यांनी दोन-तीन सुरणं दाखवली, मी दोन्ही हातांनी तोललं, मला काही कळलं नाही, मग त्यांनीच एक काढून पिशवीत घातलं.

आई ओट्याशी होती. मी चिंच भिजत घातली तेव्हा तिने बघितलं आणि मोठं पातेलं काढून दिलं. अर्धं म्हणजे किती, ते मला ठाऊक नव्हतं. मी सारखी सुरी टोचून बघत होते. शेवटी आईच म्हणाली, "आता काढ. ती ह्या वासाला काढायची." मला वास असतो हेही माहीत नव्हतं.

तुझा नमुन्याचा स्क्रू मी दोनदा साबणाने धुतला. लॅपटॉप पोळपाटाच्या शेजारी ठेवला. फिरवायला लागले. आधी सैल, मग आटे धरतात, मग आतली सळई पुढे सरकते आणि टोक फुलायला लागतं, आणि घट्टपणा चढत जातो, चढत जातो. आणि मग एका जागी तो चढायचा थांबतो. कमी होत नाही, फुटत नाही, नुसता चढायचा थांबतो. अर्ध्या फेऱ्याहूनही कमी वेळ. माझी बोटं तिथे थांबली. मी पुन्हा दुसऱ्या तुकड्यात केलं, आणि तिसऱ्या. प्रत्येक तुकड्याला जोर वेगळा लागला, तू म्हणायचीस तसंच. पण ते थांबणं प्रत्येक वेळी आलं.

हात खाजत होते. तसेच टाइप केलं. जोराचा आकडा ठरावीक नाही, तो हाडागणिक बदलतो. फिरवताना विरोध सतत वाढतो. ज्या क्षणी तो वाढायचा थांबतो तिथे फिरवणं थांबवावं. उदाहरणादाखल खाली अर्धवट शिजवलेल्या सुरणावर केलेल्या चाचण्या दिल्या आहेत. सुरण मी दर मसुद्यात खोडायचे आणि तू दर मसुद्यात परत घालायचीस. ह्या वेळी ठेवलं. परीक्षक हसला तर हसू दे, त्याला उत्तर मी देईन. आक्षेप येतीलच. तुझ्यावरून कोणाशी तरी भांडायला मिळेल, मला तेवढंच पुरे आहे.

वाचून पाहिलं. चार ओळी झाल्या. आपण दोघींनी वर्षभर घर डोक्यावर घेतलं त्या ह्या चार ओळी. बोटांना कळतं, ते शब्द त्यात कुठेच नाहीत, पण दुसरं काही त्यात नाही. तू वाचून काय म्हणाली असतीस ते मला खरंच माहीत नाही. तू काहीतरी तिरकस बोलली असतीस आणि मग दुसऱ्या दिवशी शेडवर सगळ्यांना वाचून दाखवलं असतंस, असं मी धरून चालले आहे.

रात्री आईने ते सुरण तळलं. बाबांनी ताट पुढे ओढलं, एक फोड उचलली आणि हात थांबला. फोडीला मधोमध भोक होतं. त्यांनी ती ताटाच्या कडेला ठेवली. दुसरी उचलली, तिलाही होतं, तीही ठेवली. मग पेपर घडी करून बाजूला सारला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, तू तिथे उभी असायचीस तिथे, त्यांनी विचारलं,

"पकडलं का ग?"

मी दारातच उभी होते. ओल्या हातांना कोकम लावलेलं.

"हो, बाबा," मी म्हटलं. "पकडलं."